प अक्षराचा नवरदेव

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मला माझं नाव सोडून बाकी बहुतेक सगळं बोलता येत होतं. नाव प्रभाकर. ‘प’ला ओठ मिटले की ते कधी उघडतील याचा नेम नसे.

हे चौथ्या वर्षी सुरू झालं. का, यावर घरात एकमत नव्हतं. आत्या म्हणे, अडखळत बोलणाऱ्या दूधवाल्याची नक्कल करून लागलं. आजोबा म्हणत, डावा हात बांधून उजव्याने जेवायला लावलं तिथे बिघडलं. वेखंड उगाळून चाटवलं, तोंडात सुपारी धरून वाचायला लावलं. (सुपारी दोनदा गिळली.) गंमत अशी, की आरती म्हणताना मी कधी अडलो नाही, म्हशीशी बोलतानाही नाही. माणसाने नाव विचारलं, की संपलं.

सत्तावन्न सालाच्या आसपास अमरावतीहून अकोल्याला मुलगी पाहायला निघालो, तेव्हा वडिलांनी काकांना सोबत दिलं ते एवढ्यासाठीच. बोलायचं काकांनी, मी पोहे खायचे.

मूर्तिजापूरला काका चहाला उतरले आणि गाडी हलली. मी खिडकीतून ‘पळा’ ओरडायला गेलो. ‘प’ तोंडात असतानाच फलाट संपला.

अकोल्यात एकटाच मुलीच्या दारात उभा राहिलो. तिचे वडील वकील. त्यांनी विचारलं, “आपण?”

ओठ मिटले. वकीलसाहेब वाट पाहू लागले. शेवटी अडलेल्या शब्दाऐवजी दुसरा शब्द घ्यायची माझी जुनी सवय कामाला आली. मी म्हणालो, “वसंत.” (वसंत म्हणजे कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून.) काका मूर्तिजापूरला राहिले, मागच्या गाडीने येतील, हेही सांगितलं. त्यावरून वकीलसाहेबांनी स्वतःच निकाल लावला, की मी मुलाचा मित्र आणि मुलगा काकांबरोबर येतोय.

खुलासा करायचा तर ‘प्रभाकर’ म्हणणं आलं. मी वसंतच राहिलो.

मग मुलीची आई हळूच बाहेर आली. “खरं सांगा भाऊ, पोरगा बोलतांना अडते म्हने. आमच्या कानावर आलं हाये.”

आणि काय झालं कोण जाणे, वसंत म्हणून मी घडाघडा बोलायला लागलो. ‘प’सुद्धा सुटत होता! अडतो, म्हणालो. लहानपणापासून. बुद्धीने बरा आहे, पण चारचौघांत नाव विचारलं की गडबडतो. भित्रा आहे, चिडका नाही. दूधवाला, डावा हात, वेखंड, सगळं सांगून टाकलं. स्वतःविषयी इतकं सलग मी जन्मात बोललो नव्हतो. दाराआड मुलगी ऐकत होती, हे बांगड्या वाजल्या तेव्हा कळलं.

पोहे आले, तेवढ्यात काकाही आले. वकीलसाहेब त्यांच्या मागे डोकावून मुलगा शोधू लागले. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वकीलसाहेब म्हणाले, हे तर वसंतराव. काका म्हणाले, कोण वसंतराव? दोघेही माझ्याकडे पाहू लागले. खरं म्हणजे त्या घटकेला मलाही नक्की सांगता आलं नसतं.

मी उठलो. “मी प... प... प...”

दारातून मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, हेच ते. अडले ना.”

वकीलसाहेबांना याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

होकार कसा आला, ते मी लग्नानंतर तिला विचारलं. ती म्हणाली, “पहायला आलेले इतर मुलगे नाव खरं सांगून बाकी सगळं खोटं सांगत होते.”

तिचं माहेरचं नाव पद्मा. हे नाव मला झेपणारं नव्हतं, म्हणून महिनाभर विचार करून ‘रमा’ निवडलं. ‘र’ने मला आयुष्यात कधी दगा दिला नव्हता. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ते झोकात लिहिलं. भटजी म्हणाले, आता मोठ्याने सांगा.

बदलून घ्यायला दुसरा शब्द नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ‘र’ अडला. अख्खा मांडव पुढे वाकला, वाजंत्रीवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. शेवटी नवरीने ताटात डोकावून पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “रमा.”

बायकोचं नाव मी ठेवलं, असं मी आजही सांगतो. अर्थात, तेही तीच सांगते.