सरपंचाचा बिल्ला

आमची डाळमिल गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मिस्टर गेल्यापासून ती मीच चालवते. तुरीच्या हंगामात डाळ निवडायला जवळच्या तांड्यावरच्या बाया येतात. थंडीत लवकर अंधार पडतो आणि मिलपासून तांड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एकही दिवा नव्हता. त्या हिवाळ्यात आमच्याकडची एक बाई घरी जाताना उघड्या नालीत पडली आणि तिचं मनगट मोडलं. पुढच्या आठवड्यात प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती मिलवर आली, नुसती बसायला. घरी करमत नाही म्हणाली.

दिव्यांसाठी अर्ज घेऊन मी नगरपरिषदेत गेले. ते म्हणाले, रस्ता ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायतीत सांगितलं, नगरपरिषदेचा. खरं तर अर्धा इकडच्या हद्दीत होता, अर्धा तिकडच्या.

अशात आमच्या व्यापारी संघटनेने एका लॉनवर स्नेहभोजन ठेवलं. सचिवांचा फोन आला, "ताई, याच तुम्ही. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सरपंच, सारे येऊन राह्यले. ओळखी होतात."

गेटवर प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावत होते. मंचासमोरच्या गोल टेबलांकडे मी निघाले, तर सचिवांनी अडवलं.

"वहिनी, लेडीज तिकडं."

"मी मिलची मालक म्हणून आले आहे."

"हाव ना. पण तिकडं थंडी कमी लागते."

वाद नको म्हणून तिकडे बसले. शेजारी चाळिशीतली एक बाई होती. साडीवर मरून स्वेटर, बिल्ल्यावर नुसतं 'अतिथी'. बाकीच्या जणी लग्नांविषयी बोलत होत्या. ही भाषणं ऐकत होती.

मी मिलचं नाव सांगितलं, तशी ती वळली. "म्हणजे आमच्या सूनबाईले दवाखान्यात तुम्हीच नेलं. मनगटवाली. माह्या चुलतभावाची सून आहे ते."

मग मी तिला रस्त्याचं सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "पंचायतीत कोणाले भेटल्या तुम्ही?"

"सरपंचांनाच. ते काय, समोर बसलेत. निळं जाकीट."

तिने तिकडे पाहिलं. "ते माह्ये घरवाले व्हय. सरपंच मी आहो."

निळ्या जाकिटावर 'सरपंच' लिहिलेला बिल्ला आमच्या टेबलावरूनही वाचता येत होता.

"तुम्ही येऊन गेल्या, हे मले कोणी सांगतलंच नाही," ती म्हणाली. ताटात भाकर आणि वांग्याची भाजी होती, ती सावकाश संपवली, हात धुतले आणि म्हणाली, "चाला."

मला वाटलं घरी निघाली, म्हणून मीही उठले. ती सरळ पुढच्या टेबलाकडे गेली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"तो बिल्ला द्या जरा."

"कायले?"

"काम आहे."

त्याने आजूबाजूला पाहिलं. टेबलावरचं बोलणं थांबलं होतं. त्याने बिल्ला काढून दिला. तिने तो स्वेटरवर लावला आणि त्याच टेबलावर पलीकडे बसलेल्या नगराध्यक्षांकडे वळली.

"भाऊ, हद्दीवरच्या रस्त्याचं बोलाचं होतं."

"बोला ना ताई. खुर्ची आणा रे एक."

ती बसली नाही. "आमच्या हद्दीतले खांब पंचायत लावते. पुढचे तुम्ही लावा, आन् नाली झाका."

"तो रस्ता आमच्याकडं नाही ना येत."

"अर्धा येते."

नगराध्यक्षांनी शेजारच्या मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, "येतो का हो?"

"मोजणी पाहावी लागेल, साहेब."

"अर्ज करायला सांगा यांना," नगराध्यक्ष म्हणाले.

"केलेत," मी मागून म्हणाले. आवाज थोडा मोठाच निघाला. मुख्याधिकारी गुलाबजाम कापत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी या मॅडम. दोघी या."

आम्ही दोघी गेलो. मोजणी झाली, रस्ता खरोखरच अर्धा-अर्धा निघाला. तिने ग्रामसभेत ठराव घेतला आणि हंगाम संपायच्या आत पंचायतीचे खांब उभे राहिले. नगरपरिषदेने नाली झाकली, पण दिवे यायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर उजेड सुरू होतो तिथपर्यंत मी बायांना मिलच्या टेम्पोने सोडत होते.

मधल्या काळात तिचा नवरा एकदा मिलवर आला. रस्त्यावरच्या दिव्यांच्या मीटरसाठी आमच्या भिंतीवर जागा हवी होती. चहा घेताना तोच म्हणाला, "बिल्ला चारचौघात नव्हता मांगाचा तिनं."

"घरी मागितला असता तर दिला असता तुम्ही?"

त्याने थोडा विचार केला. "नसता देल्ला," म्हणाला आणि मीटरची जागा बघायला उठला.

पंचायतीचं काही असलं की आता मी तिलाच फोन लावते. कधी ती शेतात असते. "बोला ताई," म्हणते, "कापूस वेचून राह्यली, पण बोला."