एअर गनने धुतलेला सर्व्हर आणि अडकलेला टेम्पो

मंडळी, आजचा किस्सा ऐकाच!

तळवड्यात नितीनदादाचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला तिथं सगळ्या मशिनी एअर गनने साफ करून पूजा करतात. यंदा कुणीतरी भक्तिभावाने बिलिंगचा सर्व्हर उघडून त्याच्यावरही एअर गन मारली. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर पाणीही येतं राव! दसऱ्याची सुट्टी संपवून आज चालू करायला गेले, तर सर्व्हर ठार. आतली डिस्कही गेली.

बाहेर चाकणला जाणारा टेम्पो भरून उभा. बिलाशिवाय माल हलेना. माल न मिळाल्याने तिकडच्या कंपनीची असेंब्ली लाइन थांबली असती तर दादाची ऑर्डरच गेली असती.

मी निघालो होतो देहूला, इंद्रायणीकाठी नुसतं बसायला. वाटेत भेळ खाल्ली, काय भेळ होती... असो. दादाचा फोन आला, "भावा, तू कॉम्प्युटरचं असलं काहीबाही करतोस ना? पळत ये!" तसाच तळवड्याला वळलो.

नशीब, दादाचं बिलिंग बघणाऱ्या वहिनी रोज संध्याकाळी डेटाबेसचा बॅकअप स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतात. त्यावरच बिलिंगचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. पण शेवटचा बॅकअप अर्धवट, उघडेचना. माझं तोंड पडलं.

"अहो, मग आदल्या दिवशीचा लावा की!" वहिनी म्हणाल्या.

लावला. गिऱ्हाइकं, दर, जुनी बिलं, सगळं पडद्यावर! राहिलेल्या एका दिवसाच्या नोंदी वहिनींनी माल पाठवल्याची चलानं बघून भरल्या.

प्रिंटरमधून बिल निघालं आणि दादा ओरडला, "सोड रे टेम्पो!" अख्ख्या वर्कशॉपने शिट्ट्या मारल्या.

बॅकअप तर सगळेच घेतात. पण खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी तो कधी उघडून बघितलाय?