सरूबाईचा उलटा नवस

सरूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बजाजनगरात तिच्या साऱ्या गल्लीला ठाऊक. कुणाचं लग्न जमता जमता फिसकटलं, कुणाच्या नळाला पाणी जास्त येतं, सगळं तिला माहीत आणि तिच्याकडून सगळ्यांना माहीत. बाई वाईट नाही हो. वाळूजच्या कंपन्यांत कामाला आलेली परगावची पोरं तिच्या खानावळीत जेवतात. त्यातल्या एखाद्यानं दुसरी भाकरी नको म्हटली की ही कमरेवर हात ठेवून विचारणार, "का रे, घरून फोन नाय आला का?" आणि पोराच्या डोळ्यात पाणी आलं की वरून तूप वाढणार. तर अशा बाईनं एक गोष्ट पोटात ठेवली, आणि ती पोटात होती तोवर तिला स्वतःच्या हातचं अन्न गोड लागलं नाही.

गोष्ट तिच्या सत्यमची. एकुलता एक. बाप पुंजाराम कंपनीत मशीनवर. माणूस सरळ, पण बोलायचं खातं त्यानं लग्नाच्या दिवशीच बायकोकडं सोपवलेलं. सत्यम इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, आणि एक दिवस कळलं की अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं त्याला पुढं शिकायला घेतलंय. आता राहिला होता फक्त व्हिसा.

"म्हंजी काय रे?" सरूबाईनं विचारलं.

"त्यांच्या देशात पाय ठेवायची परवानगी. मुंबईला त्यांच्या वकिलातीत जायचं, खिडकीपुढं उभं राहायचं, साहेब विचारील त्याचं उत्तर द्यायचं. पटलं तर हो, नाय तर नाय."

"पोरगी बघायला आल्यासारखंच की. फक्त पोहे नायत."

सत्यम हसला, तीही हसली. पेढे घेऊन गल्लीत निघालीच होती ती, त्यानंच थांबवलं. म्हणाला, आधी होऊ तर दे. तोवर तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. वाकडं शिरलं ते केसरबाईच्या घरी.

केसरबाई मागच्या गल्लीतली. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला त्याला लई वर्षं झाली. सरूबाई तिच्याकडं विरजण मागायला गेली, तर केसरबाई जेवायला बसलेली. समोर तांब्याला मोबाईल टेकवून ठेवलेला, त्यात मुलगा कुठंतरी चालता चालता बोलत होता. आणि मोबाईलपुढं एक ताट वाढलेलं. भाकरी, भरलं वांगं, चटणी. "त्याला वांगं आवडतं," केसरबाई म्हणाली. मुलाला घाई होती, फोन बंद झाला. मग केसरबाईनं ते ताट निमूटपणे स्वतःच्या ताटात ओतून घेतलं आणि जेवत राहिली. सरूबाई विरजण न घेताच घरी आली.

त्या रविवारी ती साताऱ्याच्या खंडोबाला गेली. हा सातारा म्हणजे शहराला चिकटलेलं आपलं सातारा गाव. तिथला खंडोबा हे तिच्या सासरचं दैवत. कपाळाला भंडारा लावला, हात जोडले, आणि म्हणायचं होतं 'पोराचं काम होऊ दे', तर तोंडातून आलं भलतंच. "देवा, ह्याचं जाणं मोडू दे. मोडलं तर त्याच्याच हातानं तुझी तळी उचलवीन."

बोलली आणि जीभ चावली. पण देवापुढं बोललेलं काय भाजीवालीकडची कोथिंबीर आहे, नको म्हणून परत द्यायला?

घरी सत्यमची तयारी जोरात चाललेली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो इंग्रजीतून उत्तरं पाठ करायचा. मुलाखतीच्या शिकवणीतल्या सरांनी बजावलं होतं, साहेबाला एकच शंका असते, हा पोरगा शिकून परत येईल की तिथंच राहील. "मग तू काय सांगणार?" तिनं पोळी लाटता लाटता विचारलं.

"सांगणार, आई हाय माझी इथं. तिला सोडून कुठं जातो?"

तव्यावरची पोळी जळली. खानावळीतल्या आचारी पोराला एरवी अशा पोळीसाठी तिनं दहा नावं ठेवली असती. त्या दिवशी ती जळकी पोळी तिनं गुपचूप स्वतः खाल्ली.

मुंबईच्या वाटेवर खायला तिनं दशम्या करून दिल्या. दशम्या थापताना देवाची समजूत घालून पाहिली, 'मी येडी, माझं काय ऐकतोस, विसर ते.' पण देव बहुतेक तिच्यासारखाच, ऐकलेलं विसरणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यमचा फोन आला. "आई, नाय म्हणाले."

आणि खरं सांगायला काय लाज, पहिल्या झटक्याला सरूबाईला हायसं वाटलं. एक श्वासभर. मग सत्यमचा आवाज फुटला, आणि ते हायसं वाटणं तिच्या छातीत काट्यासारखं जे रुतलं ते रुतलंच.

पोरगा परत आला. बॅग उघडलीच नाही त्यानं. डब्यात दशम्या तशाच. "साहेबाला पटलंच नाय, मी परत येईन म्हणून," तो म्हणाला. "दोन मिनिटांत झालं सगळं. कुठं चुकलो तेच कळंना." पुंजाराम त्याच्या पाठीवर हात फिरवत बसला. सरूबाई मोरीत भांडी घासत होती. 'तू नाय चुकलास रे राजा,' हे शब्द अगदी ओठापर्यंत आले. गल्लीभरच्या भानगडी सांगणारी बाई, स्वतःच्या पोराला एवढं सांगू शकली नाही. घासलेलंच पातेलं ती पुन्हा पुन्हा घासत राहिली.

गल्लीतल्या बाया विचारायला यायच्या. सरूबाई विषय बदलायची. कुणी म्हणालं, "नजर लागली पोराला," की ही चहा टाकायला आत पळायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरातलं माणूसच नजर लावून बसलेलं, हे कुणाला सांगणार?

मग सत्यमनं उभारी धरली. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तारीख मिळाली. आणि सरूबाई खरी कात्रीत सापडली ती आता. तिच्या सासरची रीत अशी, की फळलेला नवस न फेडता ठेवला तर देव पुढचंही काम मोडतो. म्हणजे नवस फेडायला हवा. आणि फेडायचा तर पाच माणसांदेखत तोंडानं सांगायचं, काय मागितलं होतं आणि देवानं काय दिलं. खोटं सांगितलं तर फेडलेलं लागू होत नाही. सासूनं हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवलेलं. न फेडावा तर पोराचं दुसऱ्यांदा मोडणार, फेडावा तर पोरासमोर उघडं पडायचं. तिनं लई टाळलं. पाय दुखतात म्हणाली, ऊन लई हाय म्हणाली. तारीख जवळ आली तशी एका रविवारी म्हणाली, "एक नवस राहिलाय फेडायचा. तुला तळी उचलायची हाय."

"बरं झालं," सत्यम म्हणाला. "जुनं फिटलं की नवं होईल." इतक्या भरवशानं म्हणाला की तिला तिथंच जमीन दुभंगावी असं झालं.

देवळात म्हातारा वाघ्या होता, मल्हारीबुवा. ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी मांडली. सत्यम, पुंजाराम, बुवा, आणि दर्शनाला आलेले दोन गडी, अशा पाच जणांनी ताटाला हात लावला.

"बोल बाई," बुवा म्हणाला. "काय मागितलं होतंस?"

सरूबाई पुटपुटली.

"मोठ्यानं. देवाला ऐकू येतं, माणसांना बी येऊ दे."

सत्यम तिच्याकडं बघून हसत होता. त्याला वाटलं, आपल्या परीक्षेचा असणार. तिनं पदर तोंडाला लावला, मग स्वतःच खाली ओढला.

"ह्याचा व्हिसा होऊ नये म्हणून बोलले होते," ती म्हणाली. "देवानं ऐकलं."

दोन गडी एकमेकांकडं बघायला लागले. पुंजाराम फक्त "सरू" एवढंच म्हणाला, आणि आयुष्यभर न बोललेलं सगळं त्या दोन अक्षरांत बोलला. मल्हारीबुवानं हयातीत नाना तऱ्हेचे नवस ऐकलेले. तो खाली बघून भंडारा नीट करत बसला. सत्यमचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"का?" त्यानं विचारलं.

तिला लई सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "केसरबाई मोबाईलला जेवायला वाढती रे."

ताट मधेच धरलेलं. शेवटी सत्यमनंच म्हटलं, "उचला." पाचांनी ताट वर नेलं. "येळकोट येळकोट जय मल्हार." पहिल्यांदा त्याचा आवाज चांगला खणखणीत लागला, दुसऱ्यांदाही लागला. तिसऱ्यांदा तो नुसताच ओठ हलवत होता.

पुंजाराम रिक्षानं गेला, ती सत्यमच्या गाडीवर मागं बसली. नेहमी त्याचा खांदा धरायची. त्या दिवशी मागचा दांडा धरला. वाटेत गोलवाडीजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली.

"आई, तुझ्या नवसानं मोडलं नाय."

"मला लाज वाटू नाय म्हणून सांगतोस."

"नाय. साहेबानं विचारलं, परत जाणार का. पाठ होतं सगळं, तुझं नाव बी होतं त्यात. पण बोलायच्या आधी मी थांबलो. मलाच ठाऊक नव्हतं, खरं काय ते." तो समोर रस्त्याकडं बघत होता. "त्याला ते दिसलं असंल. तुला बी दिसलंच होतं की."

तिला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही. आपण पोराचं वाईट चिंतलं, हे होतं तिथंच होतं.

"एकच कर," तो म्हणाला. "यावेळी देवाला काय बी बोलू नको. हो नको, अन् नाय बी नको."

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून तिचे हात देव्हाऱ्यापुढं जुळायला बघत होते. तिनं परात घेतली आणि ते कोपरापर्यंत कणकेत घातले. खानावळीला लागते त्याच्या दुप्पट कणीक मळली. फोन वाजला तेव्हा उचलायला हात मोकळा नव्हता, पुंजारामनं कानाला लावला.

"झालं," सत्यम पलीकडून म्हणाला. व्हिसा मिळाला होता. कणकेच्या हातांनीच सरूबाईनं तोंड झाकलं आणि ती रडली. कशासाठी रडली ते तिनंही विचारलं नाही स्वतःला.

निघायच्या आधीच्या रविवारी दोघं पुन्हा खंडोबाला गेली. ती मागं खांबापाशी उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. सत्यम देवापुढं बराच वेळ वाकून होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मी बी नवस बोललोय."

"कशाचा?"

"आता नाय सांगणार. फेडताना सांगीन, पाच माणसांदेखत. तवा तू समोर पाहिजेस."

सरूबाईनं चपला घालता घालता वर बघितलं. "फेडायला तुलाच यावं लागंल."

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

गल्लीत तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, अजूनही नाही. त्या दिवशी गाडीवर बसल्यावर तिनं पुन्हा त्याचा खांदा धरला. पण हात हलकाच ठेवला.