बंद करायची फुली

सून घरून काम करताना फोनवर सारखी "मोडल, मोडल" म्हणायची. सासूबाई विचारायच्या, "अगं, रोज काय मोडतं तुमचं?"

मोडल म्हणजे ॲपमध्ये मधोमध उघडणारी चौकट. कंपोनंट म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या तयार भागांमधल्या या चौकटींचे रंग, कडा, बटणं ग्राहकाला हवी तशी बदलून देणं हे सुनेचं काम.

एका व्यायामशाळेच्या ॲपसाठी साहेब म्हणाले, "सभासदत्व रद्द करायचं बटण पांढऱ्यावर पांढरं कर. बंद करायची फुलीही लपव. लोक कंटाळून नाद सोडतील."

"नाही करणार."

"का? कंपोनंटमध्ये जमत नाही?"

"चुटकीसरशी जमतं. पण जमतं म्हणून लोकांना कोंडून ठेवायचं? माझ्या सासूबाई अशा चौकटीत अडकल्या की घाबरून फोनच बंद करतात."

"मग दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे. माझ्या हातून होणार नाही."

तिने सभासदत्व चालू ठेवायचं आणि रद्द करायचं अशी दोन्ही बटणं सारख्याच ठळक रंगात केली, फुली चांगली मोठी केली आणि काम पाठवून दिलं. साहेबांनी तिला त्या ॲपवरून काढलं. तिच्या जागी आणलेल्या दोघांनी तिची चौकट पाहिली, साहेबांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तेही साफ नाही म्हणाले.