गाडीची ओटी

देवीने मला काय दिलं ते लिहायला बसले आहे. पण आधी माझ्या हातून काय झालं ते लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. मी जव्हारला राहते आणि मोखाड्याच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. यजमान जाऊन पाच वर्षं झाली. त्यांची जुनी गाडी विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं, तेव्हा मी हट्टाने चालवायला शिकले. माझा स्वभावच तसा आहे. कुणी काही सुचवलं की आधी नाही म्हणायचं आणि मग आपलंच कसं बरोबर होतं ते दाखवत बसायचं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्या गाडीत, समोरच्या काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना.

त्याच्या आठ दिवस आधी किसनने गाडीचं काम केलं होतं. एसटी डेपोच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं छोटंसं गॅरेज होतं. किसन कातकरी समाजातला. आईवडील जन्मभर मजुरीवर जगले, घरात कुणाची गुंठाभर जमीन नाही. ठाण्याला गॅरेजमध्ये राबून तो काम शिकला होता. आमच्या शाळेतले सगळे शिक्षक आपल्या गाड्या त्याच्याकडेच टाकत. त्याने ऑइल बदललं, प्लग साफ केले, आणि आठव्या दिवशी दिवा लागला. मी लगेच निष्कर्षाला पोचले. याने चांगला भाग काढून जुना बसवला असणार. मी त्याला घरी बोलावून दिवा का लागला ते विचारलं. त्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि काही न सांगता निघून गेला. उत्तर नाही म्हणजे चोरी कबूल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर तसं बोललेही. शिक्षकांच्या तोंडून गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? पंधरा दिवसांत त्याच्या शेडकडे कुणी फिरकेनासं झालं. पुढे शेड बंद झाली आणि किसन बायकोमुलांना घेऊन दाभोशाला, सासुरवाडीच्या पाड्यावर, मजुरीला गेल्याचं कळलं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं वाटलं.

दिवा मात्र तसाच होता. नाशिकच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी गाडी वर उचलून खालून एक सेन्सर बदलला. चार दिवस बरे गेले आणि मोखाड्याच्या वाटेवर एका खड्ड्यात दणका बसताच दिवा पुन्हा पेटला. मग मी काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं. स्टिअरिंगखालच्या खोबणीत ते बसवलं की मोबाइलवर दोषाचा आकडा दिसतो. दर रविवारी सकाळी अंगणातल्या पडवीत गाडी चालू करायची, आकडा वहीत उतरवायचा, मोबाइलवरून तो पुसायचा आणि दिवा विझला की हात जोडायचे, असा माझा क्रम झाला. एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात मोबाइल अशा अवतारात मला कुणी पाहिलं असतं तर हसूच आलं असतं. देवीला मी रोज एकच मागत होते, हा दिवा घालव. आकडा दर वेळी त्याच सेन्सरचा यायचा आणि दर वेळी मी मनात किसनच्या नावाने बोटं मोडायचे. सेन्सर तर नवा होता, मग दोष आधीच्या तारांमध्ये असेल का, हा साधा प्रश्न मला पडला नाही. ज्याला दोष द्यायचा तो माणूस ठरला होता, मग गाडीत आणखी काय शोधायचं?

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. सकाळी घट मांडला होता. पूजेला बसण्याआधी गाडी एकदा चालू करून पाहावी म्हणून मी पडवीत आले. तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन एक म्हातारी अंगणात शिरली. टोपलीत रानातले कंद होते. मी न बघताच पुढे जा म्हणून सांगितलं. म्हातारीच्या रूपात देवी दारात येते असं दर गुरुवारी वाचणारी मी! ती काही गेली नाही. तिने टोपली उतरवली, गाडीच्या चाकाला टेकून पाय पसरले आणि जरा दम खाऊ दे म्हणाली. मी गाडी चालू केली. दिवा पेटलेलाच होता. इंजिन तापायला लागलं तशी ती नाक आक्रसून बॉनेटकडे बघत राहिली.

"बाय," ती म्हणाली, "आत उंदीर हाय. आमचे कणगीला असाच वास सुटतं."

धान्याच्या कणगीचा आणि गाडीचा काय संबंध, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या मागे पेंढा, फोमचे तुकडे आणि लेंड्या यांचं घरटंच होतं. त्याच्या मधोमध लाल खणाच्या चिंध्या होत्या, त्यात तांदळाचा कोंडा आणि कुरतडलेली खोबऱ्याची वाटी. खालून जाणाऱ्या तारांची सालं गेली होती. एक तार तुटून नुसती टेकलेली होती, म्हणून दणका बसला की सुटत होती. तो खण मी ओळखला. दसऱ्याला गाडीची पूजा करताना मी गाडीची ओटी भरली होती. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी खणात बांधून मीच ती बॅटरीमागे खोचली होती. वर ठेवली तर माझी मुलगी हसेल म्हणून आत लपवली होती. बाजूलाच शेजाऱ्यांच्या भाताचा पेंढा रचलेला. उंदरांना मी घरही दिलं आणि शिधाही दिला.

म्हातारीने चहा मागितला. दोन कप प्यायली. कंदांच्या भावासाठी माझ्याशी चांगली हुज्जत घातली, एक जास्तीचा कंद माझ्या हातात ठेवला आणि टोपली उचलून चालू लागली. ती कुठल्यातरी पाड्यावरची कष्टाळू बाई होती, याहून जास्त मी काही म्हणणार नाही. नंतर बाजारात दोनदा शोधलं, ती भेटली नाही. पण त्या वेळी, त्याच गुरुवारी, माझ्याच चाकाला टेकून ती बसली, यासाठी मी हात जोडते.

एक गोष्ट मी वर लिहायची टाळली. ती लिहिल्याशिवाय हा अनुभव खरा होणार नाही. किसनला मी घरी बोलावलं त्या दिवशी त्याने बॉनेट उघडताच ती पुरचुंडी पाहिली होती. ही बाजूला करतो, मागच्या तारा बघायच्या आहेत, असं म्हणून त्याने हात पुढे केला होता. मी म्हणाले, "तिला हात लावू नकोस. देवीची ओटी आहे." त्याचे हात ऑइलचे असतील म्हणून मी तसं बोलले, असं कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होते. पण त्याने अजून काही उघडलंच नव्हतं. त्याचे हात स्वच्छ होते. कुणाच्या हाताला मी नको म्हणाले ते त्याला कळलं आणि मलाही तेव्हाच कळलं होतं. तो बरं म्हणाला आणि त्याने बॉनेट अगदी हळू लावलं. आवाज न करता लावलेलं ते बॉनेट आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

त्या गुरुवारी मी घटासमोर बसले, पण दिवा घालव असं मागवेना. गाडीच्या तारा मी काळ्या टेपने कशाबशा गुंडाळल्या आणि रविवारी दाभोशाला गेले. किसनच्या बायकोने कोरा चहा दिला. तिथे ओट्यावर बसून मी किसनला सगळं सांगितलं, चोरीचं खोटं बोलले ते आणि त्याच्या हाताला नको म्हणाले तेही. माफी मागितली.

"मला वाटलंच होतं, बाई, उंदरानं खाल्लं असंल म्हणून," तो म्हणाला.

मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"तुम्ही नको म्हणल्या ना. त्याच्यावर आम्ही काय बोलणार?"

तो उठला आणि पक्कड, टेप घेऊन आला. मी बॉनेट उघडून दिलं. आत आता पुरचुंडी नव्हती, खण नव्हता, नुसत्या तारा होत्या. पूर्वी हा माणूस माझ्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून माझ्याशी गप्पा मारायचा. तो जवळ आला, हात मागे घेऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बाई, हात लावू का?"

मी हो म्हणाले. अर्ध्या तासात त्याने तारा जोडल्या. त्यानंतर दिवा लागला नाही. शाळेत मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, तर जाऊ द्या हो बाई, म्हणून ते हसले आणि वह्या तपासायला लागले. त्याच्या शेडमध्ये आता मोबाइलचं दुकान आहे. मी पसरवलेलं मला परत गोळा करता आलं नाही.

देवीने माझं मागणं पुरवलं आणि त्यासोबत मी न मागितलेलंही दाखवलं. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. पूर्वी मला वाटायचं की हट्टाने मागत राहिलं की मिळतं. आता एक गोष्ट अशी आहे जी माझ्या हट्टाने होणार नाही. गाडीचं काम निघालं की मी दाभोशाला जाते, आणि किसन अजूनही दर वेळी बॉनेटसमोर थांबून विचारतो, हात लावू का. मी दर वेळी हो म्हणते. तो विचारायचा कधी थांबेल, ते मी देवीवर सोपवलं आहे.