केन्युआची फांदी

आमच्या वस्तीच्या वरच्या उतारावर केन्युआची झुडपं एके काळी इतकी दाट होती, की आत शिरलेली मेंढी शोधायला अर्धा दिवस जायचा. वाकडी खोडं, कागदासारखी सुटणारी तांबडी साल. लोकांनी कोळशासाठी ती तोडली, आमच्या वस्तीतल्या लेओकादियाच्या वडिलांनीही. शेवटी कड्याच्या कपारीत एकच उरलं.

लेओकादिया आणि तिची थोरली बहीण दोमितिला लहानपणी त्या झाडीत मेंढ्या राखायच्या. दोमितिला लग्न होऊन आरेकिपा शहरात गेली आणि बावीस वर्षं आली नाही. फोनवर एवढंच विचारायची, "आपली झाडी आहे ना गं?" लेओकादिया म्हणायची, "आहे की."

हे खोटं तिला सोसेना. तिनं कपारीतल्या झुडपाच्या दोनशे बिया पेरल्या. तीन उगवल्या, जूनच्या थंडीत तिन्ही करपल्या; आमच्याकडे हिवाळा जूनमध्येच येतो. शेजारचा मेल्चोर म्हणाला, "बटाटे लाव, बाई. झाडं काय उकडून खाणार?"

"तू आधी तुझी शेळी बांध," ती म्हणाली, "मग मला शिकव."

पुढच्या वर्षी तिला दिसलं, की त्या झुडपाची एक फांदी जमिनीवर टेकली होती आणि शेवाळात तिला मुळं फुटली होती. मग तिनं आणखी फांद्या वाकवून दगडाखाली दाबल्या. मुळं धरली की तोडून काळ्या मातीच्या पिशव्यांत लावायची, थंडीत वर गवत पसरायची. बरीच रोपं मेली. सहा वर्षांत एकतीस झुडपं उतारावर उभी राहिली, गुडघ्याएवढी.

डिसेंबरात दोमितिला आली. उतारावर जाऊन एका झुडपाशी वाकली.

"ही आपली झाडी?"

"ताई, खोटं बोलले मी. कधीच गेली होती."

"मला माहीत होतं," दोमितिला म्हणाली. "इकडून बसनं शहरात येणारे लोक सांगायचे. तुझ्या तोंडून 'आहे' ऐकायला बरं वाटायचं."

जाताना तिनं रोपाची एक पिशवी मागितली, शहरातल्या गच्चीवर लावायला.

"तिथल्या उन्हात जगायचं नाही ते."

"मी जगले ना?"

लेओकादियानं पिशवी दिली नाही. दोघींनी ते रोप उतारावरच लावलं. बस वळणाआड गेली, तरी लेओकादिया रस्त्यावरच उभी होती. मेल्चोरनं हाक मारली, तेव्हा ती म्हणाली, "आले," आणि हलली नाही.