गौरीचा तवा आणि शिळा पाव

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, जोह्याला होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. भावाच्या कारखान्यात गणपती रंगवायची घाई, म्हणून दोन दिवस मदतीला गेले होते. हातावरचा रंगही न धुता पेणहून रोह्याची गाडी धरली. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरी पोचले तेव्हा... असो. मला आज वेगळंच सांगायचंय.

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढातली सकाळ. ह्यांची कंपनीत पहिली शिफ्ट होती आणि घरात कालचा पाव उरला होता. माहेरी कारागिरांच्या चहाचा पाव नेहमीच उरायचा आणि आम्ही तो अंडं, दूध, साखरेत बुडवून तुपावर भाजायचो. म्हटलं, तेच करून जरा कौतुक मिळवावं! फडताळात फडक्यात गुंडाळलेला बिडाचा तवा मिळाला, काळाभोर, गुळगुळीत. पहिला तुकडा छान लाल झाला आणि मागून आईंचा आवाज आला, "अगो, हा गौरीचा तवा!"

गौरीच्या नैवेद्याची घावनं तेवढी त्यावर व्हायची, वर्षातून एकदा. त्यावर मी अंडं घातलं होतं. आत आजेसासूबाई, म्हणजे आईंच्या आत्याबाई, माळ ओढत बसलेल्या, आणि त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. आता माझं माहेर उद्धरलं जाणार, या भीतीने मला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला? जळतोय बघ, उलट आधी. नि मला एक दे." आईंनी उभ्याउभ्याच टोस्ट खाल्ला, बोटं चाटली. "चांगला झालाय. आत्याबाईंचं मी बघते. तू तोंड उघडू नको."

नवा तवा आला. आईंनी रोज तेल लावून तो मुरवला. त्या गौरीला आजेसासूबाईंनी घावनं मला करायला सांगितली. नव्या सुनेचा मान, असं समजून मी हुरळून गेले. पहिली चार चिकटली, तेव्हा आई शेजारी उभं राहून आच सांभाळत होत्या. जुना तवा आम्हा दोघींच्या टोस्टचा झाला. त्यासाठी आई पाव मुद्दाम शिळा करायच्या. "ताज्याचा लगदा होतो गो," म्हणायच्या.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर माझी नणंद, ताई, डोळे पुसत हसली. "आई पण कसली धांदरट! गौरीच्या तव्यावर अंडं घातलंन. आजीने घावनं तिच्या हातून कायमची काढली नि वहिनी, तुला दिली. आठवतं ना?"

इतकी वर्षं मी मिरवलेला तो मान आईंचा होता... आणि आईंनी एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्यामुळे ह्या घरात मी कधी मान खाली घालून वावरले नाही. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

पण ताईला खरं कळायला हवं. उद्या ती येतेय. पाव कालच आणून ठेवलाय, तवा खाली काढलाय. पहिला टोस्ट तिच्या हातात देईन आणि सांगेन, "ताई, ते अंडं मी घातलं होतं."